वाचलेलं सांगायचं कसं आणि कोणाला: वाचनकट्टा चालवणाऱ्यांसाठी, नाशिकहून

आमचा वाचनकट्टा दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेनऊला भरतो. इंदिरानगरमधल्या एका घराची गच्ची, दोन चटया, दहा-बारा माणसं आणि मधोमध प्रत्येकाने पिशवीतून आणलेली पुस्तकं. नियम एवढाच की महिन्याभरात जे वाचलं ते सांगायचं आणि ज्याला हवं त्याने ते घरी न्यायचं. सहा वर्षं हे सुरू आहे. नाशिकमध्ये किंवा आणखी कुठेही कोणाला असं काही सुरू करायचं असेल, तर आम्हाला जे हळूहळू उमगलं ते एका ठिकाणी हाताशी असावं म्हणून हे लिहिते आहे.

पहिल्या वर्षी आमच्या हाती काही लागत नव्हतं. प्रत्येक जण उत्साहाने सांगायचा, "काय पुस्तक आहे! नक्की वाचा." बाकीचे माना डोलवायचे. पुढच्या महिन्यात विचारलं तर ते पुस्तक कोणीच वाचलेलं नसायचं. मग लक्षात आलं की "नक्की वाचा" हे सगळ्यांना उद्देशून सांगितलं की ते कोणालाच सांगितलं जात नाही. ज्या दिवशी कोणीतरी म्हणालं, "हे तुमच्यासाठी आणलंय, तुम्ही मागे विहिरीबद्दल सांगत होतात ना, म्हणून," त्या दिवशी ते पुस्तक उचललं गेलं आणि वाचलंही गेलं. शिफारस माणूस पाहून करायची असते. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

आधी चिठ्ठी

सांगण्याची तयारी वाचतानाच सुरू होते. पुस्तक संपल्यावर पंधरा दिवसांनी "चांगलं होतं" याखेरीज फारसं काही आठवत नाही. म्हणून पोस्टकार्डाएवढा एक जाड कागद पुस्तकात ठेवा. तीच खूणपट्टी आणि तीच नोंद. माझ्या चिठ्ठीवर पाच गोष्टी असतात: पुस्तक का उचललं, कधी सुरू केलं, ज्या पानांवर थांबले त्यांचे आकडे आणि पुढे दोन-तीन शब्द, कुठे कंटाळा आला आणि वाचताना कोण आठवलं. शेवटची गोष्ट सगळ्यांत मोलाची. वाचता वाचता एखाद्या माणसाची आठवण होतेच, पण आपण ती लिहून ठेवत नाही.

एक उदाहरण देते. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' मी मागच्या श्रावणात पुन्हा वाचायला घेतलं. लक्ष्मीबाईंचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा, त्यामुळे आपल्याकडे हे पुस्तक घरातलं वाटतं. चिठ्ठीवर मी लिहिलं होतं: "का घेतलं – शाळेत धडा होता, त्यापलीकडे काही आठवेना. कसं वाचावं – रोज दहा पानं, मोठ्याने. कोण आठवलं – सासूबाईंची मैत्रीण, त्यांना आत्मचरित्रं म्हणजे मोठ्या माणसांची भाषणं वाटतात." कट्ट्यावर मी जवळजवळ एवढंच सांगितलं, पुस्तकातलं एक पान वाचलं आणि ते पुस्तक त्या मावशींकडे गेलं. त्या चष्मा बदलून आणून वाचायला बसल्या.

याच पुस्तकाने आम्हाला दुसरंही एक शिकवलं. ते १९३०च्या दशकात भागाभागांनी आलं आणि पुढे त्याच्या संक्षिप्त आवृत्त्याही निघाल्या. आमच्यातल्या दोघींचा एका प्रसंगावरून चांगलाच वाद झाला. एक म्हणे तो प्रसंग पुस्तकात आहे, दुसरी म्हणे नाहीच. दोघींच्या हातात वेगवेगळ्या आवृत्त्या होत्या. तेव्हापासून चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात प्रकाशन आणि आवृत्ती लिहायची पद्धत पडली. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नावही लिहायचं, कारण एकाच कादंबरीचे दोन मराठी अनुवाद वाचताना दोन वेगळी पुस्तकं वाचल्यासारखी वाटू शकतात. शिफारस करताना ते नाव घेतलंच पाहिजे.

वाचनालयाच्या पुस्तकात मात्र पेन्सिलीचीही रेघ नको. पुढच्या वाचकाला त्याच्या वाटेने जाऊ द्यावं.

पाच मिनिटांत सांगायचं

प्रत्येकाला पाच मिनिटं. मोबाइलवर वेळ लावून ठेवतो, कोणाला राग येत नाही. सांगणाऱ्याने घरी एकदा, भांडी घासताना का होईना, मोठ्याने म्हणून पाहावं. त्याने फार फरक पडतो.

सुरुवात पुस्तक हाती कसं आलं इथून करा. रद्दीच्या दुकानात मिळालं, मुलीने वाढदिवसाला दिलं, बसमध्ये शेजारची बाई वाचत होती. असं सांगितलं की ऐकणारा लगेच सोबत येतो. मग पुस्तक कशाबद्दल आहे ते दोन वाक्यांत. याला खरी मेहनत लागते. मलपृष्ठावरचा मजकूर वाचून दाखवू नका, तो विक्रीसाठी लिहिलेला असतो आणि त्यात प्रत्येक कादंबरी 'अंतर्मुख करणारी' असते. तुमची दोन वाक्यं साधी असू देत: "एका गावातलं पाणी आटतं. कोण थांबतं आणि कोण जातं याची ही गोष्ट आहे."

त्यानंतर एक उतारा वाचा. आमच्या अनुभवात कितीही स्तुती केली तरी एका उताऱ्याची बरोबरी होत नाही. शंभर-दीडशे शब्द, साधारण एक मिनिट. उतारा निवडताना पुस्तकातला सगळ्यांत गाजलेला किंवा भव्य प्रसंग घेऊ नका. लेखकाचा रोजचा आवाज ऐकू येईल असं साधं पान घ्या, म्हणजे पुढची तीनशे पानं कशा सोबतीत जाणार आहेत ते ऐकणाऱ्याला कळतं. आमच्याकडे एक तरुण मुलगा अंबडच्या एका कारखान्यात काम करतो. सांगताना तो अडखळतो, बोलणं दोन मिनिटांत आटोपतं. पण उतारा वाचायला लागला की गच्चीवर कोणी हलत नाही. त्याने आणलेलं पुस्तक कधीच परत त्याच्या पिशवीत जात नाही.

कथानक किती सांगायचं? कादंबरी असेल तर पहिल्या पंचवीस-तीस पानांत जे घडतं त्यापलीकडे काही बोलायचं नाही, आणि रहस्यकथा असेल तर तेवढंही नाही. वैचारिक पुस्तक, प्रवासवर्णन, इतिहास यांत हा नियम लागू नाही. तिथे लेखकाचा मुद्दा नीट समजावून सांगा, त्याने पुस्तकाचं काही बिघडत नाही. कवितासंग्रह असेल तर एकच कविता घ्या आणि ती दोनदा वाचा. पहिल्या वेळी कान शब्द पकडत असतात, कविता दुसऱ्या वेळी ऐकू येते. अर्थ सांगत बसू नका.

शेवटी दोन गोष्टी न चुकता: हे कोणाला आवडेल आणि कोणाला आवडणार नाही. दुसरी गोष्ट बोलायला लोक कचरतात, पण विश्वास त्यावरच बसतो. "भाषा अवघड आहे, पहिली साठ पानं रेटावी लागतात, झोपताना वाचायचं पुस्तक नाही" असं जो सांगतो, त्याने पुढच्या वेळी "हे घ्याच" म्हटलं की लोक घेतात.

समोरच्याला विचारा

कोणी म्हणालं, "मला काहीतरी चांगलं सुचवा," तर लगेच नाव सांगू नका. आधी तीन प्रश्न विचारा. अलीकडे कुठलं पुस्तक खाली ठेववलं नाही? कुठलं अर्धवट सोडलं, आणि साधारण कुठे? आणि तुम्ही वाचता कधी, म्हणजे एका बैठकीत किती वेळ मिळतो?

दुसरा प्रश्न सगळ्यांत जास्त कामाचा. आवडलेल्या पुस्तकांची नावं लोक थोडी सजवून सांगतात, सोडलेल्या पुस्तकांबद्दल मात्र खरं बोलतात. "खूप पात्रं होती, नावं लक्षात राहीनात" असं म्हणणाऱ्याला चार पिढ्यांची कादंबरी द्यायची नाही. तिसऱ्या प्रश्नाने आकार ठरतो. सातपूरहून नाशिकरोडला रोज बसने जाणाऱ्याला कथासंग्रह बरा, कारण एक कथा एका प्रवासात संपते. रात्री सगळं आवरल्यावर वीसच मिनिटं मिळणाऱ्या बाईला पत्रं, ललित लेख, छोट्या प्रकरणांची आत्मकथनं द्यावीत. ज्याने वर्षानुवर्षं काही वाचलेलं नाही, त्याला दीडशे पानांच्या आतलंच काहीतरी द्या. पुस्तक संपवल्याचा आनंद त्याला आधी मिळायला हवा.

चौथा प्रश्न आहे, पण तो तोंडाने विचारायचा नाही, स्वतःच्या मनाला विचारायचा: सध्या या माणसाच्या घरी काय चाललंय? हा प्रश्न मी शिकले तो एका चुकीतून. एका मैत्रिणीला मी आजारपणावरचं एक आत्मकथन दिलं. मला ते अतिशय आवडलं होतं, आणि तिला असं खरंखुरं लेखन आवडतं हे माहीत होतं. तिच्या नवऱ्याच्या तपासण्या सुरू आहेत हे माहीत नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. तीन आठवड्यांनी तिने पुस्तक परत आणलं. वर खाकी कव्हर घातलेलं, आणि एकोणिसाव्या पानावर खूण म्हणून घडी घातलेलं सिटीलिंकचं, म्हणजे आमच्या शहर बसचं, तिकीट. ती काही बोलली नाही. मीही ते तिकीट काढलं नाही, आजही ते त्याच पानावर आहे. तेव्हापासून जड विषयाचं पुस्तक देताना मी आधी चहा घेते, इकडचं तिकडचं बोलते आणि मग ठरवते. शंका आली तर "यात आजारपण आहे", "यात मूल दगावतं" असं सरळ सांगते. त्याने कथानक फुटलं तरी फुटू दे.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. त्यातली तीन अशी: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, आणि वाचकाचा वेळ वाचवा. कट्टा चालवणाऱ्याने ही तीन वाक्यं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत. वेळ वाचवा याचा आम्ही लावलेला अर्थ असा की एका वेळी दोनच नावं सुचवायची. एक नक्की आवडेल असं आणि एक त्याच्या नेहमीच्या वाटेपासून थोडं दूरचं. दहा नावांची यादी दिली की माणूस यादी जपून ठेवतो आणि एकही पुस्तक आणत नाही.

माणसं, जागा, वेळ

आठ ते बारा माणसं पुरेशी. दहा जणांची पाच-पाच मिनिटं म्हणजे पन्नास मिनिटं, त्यावर बोलणं आणि चहा धरून पावणेदोन तास. पंधराच्या वर गेलात तर दोन गट करा. पाचच जमले तरी रद्द करू नका, पाच जणांत फार छान बोलणं होतं. सगळे एकाच वयाचे आणि एकाच पठडीतले नकोत. आमच्याकडे निवृत्त शिक्षिका आहेत, फार्मसी शिकणारी मुलगी आहे, पिंपळगावकडे द्राक्षबाग असलेले एक जण आहेत. छाटणीच्या आणि काढणीच्या दिवसांत ते येत नाहीत, मग एरवी दोन-दोन महिन्यांचं वाचन एकदम सांगतात.

वेळ ठरवताना शहराकडे बघा. सातपूर-अंबडला पाळीत काम करणारे लोक असतील तर संध्याकाळ जमत नाही, रविवारची सकाळच बरी. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, तेव्हा संध्याकाळी आमचेच निम्मे लोक तिकडे असतात. दिवस आणि वेळ एकदा ठरली की बदलू नका. "या वेळी कोणाला कधी जमेल?" असं विचारायला लागलं की समजा, तिसऱ्या महिन्यात कट्टा बंद पडणार.

जागेसाठी पैसे मोजू नका. घर, सोसायटीचा हॉल, देवळाचा सभामंडप, थंडीत गोदापार्कचा एखादा शांत कोपरा. पावसाळ्यात गच्ची आणि बाग विसरा, पुस्तकं भिजतात. एक मात्र आवर्जून सांगते: मिसळीच्या ठिकाणी कट्टा भरवू नका. आम्ही एकदा हौसेने भरवला. रविवारची गर्दी, हाका, तर्रीचे हात, उतारा कोणालाच ऐकू गेला नाही. मिसळ कट्ट्यानंतर खावी, आणि पुस्तकं गाडीत ठेवून जावं.

सूत्रधार दर महिन्याला बदलायचा. त्याचं काम म्हणजे वेळ पाहणं, गप्प बसलेल्याला "तुम्ही काय आणलंय?" असं विचारणं आणि एकच माणूस फार बोलायला लागला तर प्रेमाने पुढच्याकडे वळणं. वाचून काहीच झालं नसेल तरी यायचं, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर ज्याचं वाचन मागे पडलंय तो लाजेने येईनासा होतो, आणि खरं तर गरज त्यालाच जास्त असते. अर्धवट सोडलेलं पुस्तक आणलं तरी चालेल. का सोडलं हे प्रामाणिकपणे सांगितलं की बहुतेक वेळा दुसरा कोणीतरी म्हणतो, "अहो, मला असंच हवंय, द्या इकडे."

मतभेद झाले तर ते पुस्तकापुरते ठेवा. "तुम्हाला कसं काय आवडलं?" असं विचारण्याऐवजी "कुठलं पान आवडलं?" असं विचारा. पान उघडलं की आवाज आपोआप खाली येतात.

पुस्तकं कुठून आणायची

सगळी विकत घ्यायची गरज नाही. नाशिककरांच्या हाताशी सार्वजनिक वाचनालय आहे, आपलं सावाना. त्याची स्थापना १८४० सालची. म्हणजे बायकांनी उघडपणे वाचणंही दुर्मीळ होतं त्या काळापासून या गावात पुस्तक घरी नेण्याची सोय आहे. कट्ट्यातल्या तीन-चार जणांनी तरी वाचनालयाचं सभासदत्व घ्यावं, आणि शक्यतो वेगवेगळ्या वाचनालयांचं. उपनगरांत लहान वाचनालयं आहेत, त्यांना सभासद हवेच असतात.

कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रमही नाशिकचाच. विनायक रानडे यांच्या कल्पनेतून तो उभा राहिला. पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे येते, काही काळाने ती दुसऱ्या गटाकडे जाते आणि तिच्या जागी दुसरी पेटी येते. परदेशातल्या मराठी माणसांपर्यंत या पेट्या पोहोचल्या आहेत. तुमच्या गटाला पेटी मिळाली नाही तरी कल्पना उचलायला हरकत नाही. शेजारच्या भागातल्या कट्ट्याशी बोला आणि तीन महिन्यांसाठी वीस-वीस पुस्तकांची अदलाबदल करा. आम्ही पंचवटीतल्या एका गटाशी करतो. त्यांच्याकडे संतसाहित्य आणि चरित्रं जास्त, आमच्याकडे कादंबऱ्या. दोन्हीकडच्या वाचनाला त्याने वळण लागलं.

विकत घेण्यासाठी भिशी लावा. दहा जणांनी महिन्याला २०० रुपये काढले की २००० जमतात. चिठ्ठी ज्याच्या नावाची निघेल त्याने त्या पैशांची पुस्तकं घ्यायची, पुढच्या कट्ट्यावर आणायची, त्यांबद्दल सांगायचं आणि मग ती फिरायला सोडायची. मालकी त्याचीच. दहा महिन्यांत प्रत्येकाचा नंबर लागतो. साडीची भिशी, भांड्यांची भिशी माहीत असलेल्या घरात हे लगेच पटतं, समजावून सांगावं लागत नाही.

दिवाळी अंकांसाठी वेगळी साखळी करा. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, तेव्हापासून दिवाळीच्या फराळासोबत वाचायचं साहित्यही घरात येतं. पण एका घराला पाच-सहा अंक घेणं परवडत नाही. बारा जणांनी बारा वेगळे अंक घ्यायचे, अंकाच्या पहिल्या पानावर बारा नावं क्रमाने लिहायची आणि दर दहा दिवसांनी अंक पुढच्या घरी सरकवायचा. चार महिन्यांत बाराही अंक बाराही घरं फिरून येतात. प्रत्येकाने आवडलेल्या लेखाच्या नावापुढे अनुक्रमणिकेत आपलं आद्याक्षर लिहायचं. शेवटच्या घरी अंक पोहोचतो तेव्हा कुठल्या कथेपुढे अक्षरांची रांग लागली आहे ते दिसतं.

आणि ग्रंथप्रदर्शनाला जाताना ठरवून जा. डिसेंबर २०२१ मध्ये आडगावला ९४वं साहित्य संमेलन भरलं होतं, तेव्हा आमच्यातल्या चौघांनी दालनं वाटून घेतली. प्रत्येकाजवळ फक्त स्वतःची यादी नव्हती, बाकीच्या तिघांना काय हवंय त्याचीही होती. गर्दीत एकट्याने फिरलो असतो तर निम्मी पुस्तकं दिसलीही नसती.

देणं, घेणं आणि वही

पुस्तकावरून मैत्री तुटते ती पुस्तक न आवडल्याने नाही, परत न आल्याने. म्हणून वही ठेवा. दोनशे पानी साधी वही, आडव्या रेघा, सहा रकाने: पुस्तक, मालक, कोणी नेलं, नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख आणि शेवटचा रकाना 'कोणासाठी'. शेवटच्या रकान्यात परत करणाऱ्याने लिहायचं की हे आता कोणाला द्यावंसं वाटतं. पुस्तक पुढे कुठे जायचं ते तिथेच ठरतं. मुदत एक महिना, एकदा वाढवून मिळते. कट्ट्यावर सूत्रधार वही वाचतो, म्हणजे मागणारा आणि घेणारा दोघांनाही अवघडल्यासारखं होत नाही.

आमच्यातले एक काका आयुष्यभर छपाईच्या कामात होते. नवीन पुस्तक आलं की ते आधी मधोमध उघडतात, पाठीकडे निरखून बघतात, अंगठ्याने पान चोळतात आणि निकाल देतात: "शिवलेलं आहे, फिरू दे," किंवा "नुसतं डकवलंय, दोन हातांत सुटेल." डकवलेल्या पुस्तकाची पाठ दाबून सपाट करायची नाही आणि ते पालथं घालून ठेवायचं नाही, एवढं पाळलं तरी ते बरंच टिकतं. खाकी कव्हर घाला. पावसाळ्यात पुस्तकं भिंतीला चिकटून ठेवू नका, मधूनमधून काढून हवा लागू द्या, नाहीतर कसर लागते. ज्या पुस्तकावर आपला जीव आहे, आईच्या हस्ताक्षरातलं नाव असलेलं किंवा लेखकाची सही असलेलं, ते कट्ट्यावर दाखवायला आणा पण देऊ नका. "हे देत नाही" असं स्पष्ट सांगितलं की कोणाला वाईट वाटत नाही.

पीडीएफ पाठवण्याबद्दल. आपल्याकडे १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, आणि ती मोजायची पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. कुसुमाग्रज १० मार्च १९९९ रोजी गेले, म्हणजे त्यांच्या साहित्यावरचा हक्क २०५९ अखेरपर्यंत आहे. लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली गेल्या, त्यांचं लेखन आता सर्वांसाठी खुलं आहे. असं हक्कमुक्त मराठी साहित्य विकिस्रोतावर मोफत आणि रीतसर वाचता येतं. बाकी 'स्कॅन आहे माझ्याकडे, टाकू का ग्रुपवर?' याला आमच्याकडे 'नको' हेच उत्तर आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ती मुळातच लहान असते, त्यातल्या पाच-दहा प्रतीही मोलाच्या असतात.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हवाच, पण कामापुरता. शुभ सकाळ नाही, पुढे ढकललेले संदेश नाहीत. पुस्तकाबद्दल लिहायचं तर एकाच साच्यात: नाव, लेखक किंवा अनुवादक, प्रकाशन, पानं, दोन वाक्यं आणि 'कोणासाठी'. मुखपृष्ठाचा फोटो चालेल. बोलून सांगणं जमत असेल तर दोन मिनिटांचा आवाज पाठवा. डोळ्यांनी अधू झालेल्या आमच्या एका आजी असे सगळे आवाज ऐकतात आणि मग नातवाकडून हवं ते पुस्तक वाचून घेतात.

लहान मुलांना कट्ट्यावर आणायचं असेल तर त्यांनाही पाच मिनिटं द्या आणि मध्ये बोलू नका. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, आम्ही फक्त मुलांचा कट्टा करतो, मोठ्यांनी ऐकायचं. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, फक्त कविता. त्या दिवशी शिफारशी नाहीत, वही नाही.

डिसेंबरच्या कट्ट्यावर आम्ही वर्षभराची वही पहिल्या पानापासून वाचतो. कुठलं पुस्तक सर्वांत जास्त हातांतून गेलं, कुठलं न वाचता परत आलं, ते पाहतो. न वाचता आलेली पुस्तकं पुन्हा मधोमध ठेवतो आणि विचारतो, हे कोणासाठी? गेल्या डिसेंबरात वाचता वाचता एका ओळीवर मी थांबले. आजारपणावरचं ते आत्मकथन माझ्या नकळत माझ्या पिशवीतून गेलं होतं, तिकिटासकट. 'कोणी नेलं'च्या रकान्यात त्याच मैत्रिणीचं नाव होतं. परत केल्याची तारीख बाराव्या दिवसाची. आणि शेवटच्या रकान्यात तिच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: धाकट्या बहिणीसाठी, पण आत्ता नको, उन्हाळ्यात.